मुलूख, मालक आणि भोगवटादार

कर्जत तालुक्यातल्या शेलूला गाडीतून उतरलं की आधी दिसतात नव्या इमारतींचे फलक. ‘तुमच्या वसाहतीत पाणी आलं का?’ असं इथं सहज विचारतात. हाच साधा शब्द ‘वसाहतवादा’त गेला की मला खटकतो. लॅटिनमध्ये ‘कोलेरे’ म्हणजे जमीन कसणं, ‘कोलोनस’ म्हणजे कसणारा. ‘कॉलनी’ त्यातूनच निघाली. पण १८१७-१८ मध्ये पेशव्यांच्या हातून हा भाग ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, तेव्हा कर्जत-खालापुरात नांगर धरायला कोणी गोरा आला नाही. कसणारे तेच राहिले: आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी. बदललं ते कागदावरचं त्यांचं नाव.

अरबीत म-ल-क असा एक धातू आहे. राज्य या अर्थाचा मुलूख त्यातला, मलिक अंबरातला मलिक म्हणजे राजा त्यातला आणि आपला मालकही त्यातलाच. ‘मिल्कियत’ही त्याच घरातली; ‘मिळकत’ शब्दात ती आणि ‘मिळणे’ दोघंही भेटतात, असं मला वाटतं. राज्य करणं आणि मालकी असणं या दोन गोष्टी या शब्दांना मुळातच एका घरच्या. ‘सार्वभौमा’च्या पोटातही भूमीच आहे. पूर्वी तो अख्ख्या पृथ्वीचा राजा होता, आता प्रत्येक देश आपापल्या सीमेपुरता सार्वभौम असतो.

राज्य आणि मालकीचं हे नातं इंग्रजांनी कायद्यात पक्कं केलं. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानं, जी जमीन कोणाची खाजगी नाही ती सरकारची ठरवली आणि सारा भरणाऱ्याला ‘ऑक्युपंट’ म्हटलं. मराठीत तो झाला भोगवटादार. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनंही हा शब्द ठेवला. आजचा सातबारा काढून बघा: नावावर जमीन असलेला माणूस तिथं मालक नाही, भोगवटादार आहे, वर्ग एक किंवा वर्ग दोन. फलकावर ‘मालकी हक्काचं घर’ वाचून फ्लॅट घेणाराही शेवटी विचारतो, ओसी आली का? ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र.

डोंगरउतारावर तेवढाही भोगवटा नव्हता. तिथं ठाकूर-कातकरी पालापाचोळ्याचा राब भाजून नाचणी, वरी काढत. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव झाली आणि ही शेती सरकारच्या मेहेरबानीवर आली. अशा जमिनीला दळी म्हणतात. एका वर्षापुरती दिली तर एकसाली. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याचा हक्क एका सालात मोजायचा, हा शब्द मला अजून बोचतो. वसाहतवाद म्हणजे काय ते मला ‘वसाहत’पेक्षा ‘एकसाली’नं जास्त कळलं.

आता हाच हक्क मागायला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा लावताना १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. कागद नसेल तर वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घेतलेला चालतो: कुठल्या टेपाडावर कोण नाचणी लावत होतं, राब कुठं भाजत होतं.