सांग्याचे त्रिंदाद

फरीदाबादला एनआयटी वसाहतीत आमचे शेजारी बहुतेक बन्नूवाले, म्हणजे आता पाकिस्तानात असलेल्या बन्नूहून आलेले. फाळणीत घरदार गेलं, पण हरिद्वारच्या पंड्याच्या वहीत सात पिढ्या शाबूत, असं ते दिमाखात सांगत. मग आजी कशाला मागे राहते! आयएनए बाजारातून आणवलेली आमसुलं कुस्करता कुस्करता ती सुरू करायची, "आमच्या सांग्याचे त्रिंदाद..." आपली कुळी सोडून त्या किरिस्तांव घराचीच का, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

चित्रकार आन्तोनियो शाविएर त्रिंदाद गोव्यातल्या सांग्यात १८७० साली जन्मले. नाव पोर्तुगीज, माणूस अस्सल गोंयकार. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. आजीचा थोरला भाऊ तिथे चित्रकलेला होता. वर्षभरच टिकला असावा, पण 'त्रिंदादसर' त्याला जन्मभर पुरले. लोक सरांना पूर्वेचे रेम्ब्राँ म्हणत. आता हा रेम्ब्राँ कोण, ते आजीला कुठलं ठाऊक? कुणीतरी बडा असामी, एवढं तिला पुरे होतं.

१९२० मध्ये त्यांच्या 'डोल्चे फार निएन्ते' या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. निवांत आळसाचं चित्र, आणि त्यातली बाई म्हणजे त्यांची बायको फ्लोरेन्तिना. आजीचा जीव इथे अडकायचा. "चूल, पोरं सोडून ती कधी गो आळसावली? नवऱ्यानं बसवली म्हणून!" हे म्हणताना ती आजोबांच्या खुर्चीकडे बघायची.

पुढे मधुमेहानं सरांचा पाय नेला, मग डोळेही. १९३५ मध्ये ते गेले. शेजारच्या चाचाजींनी एकदा विचारलं, "बेटा कौन था?" आजी ठसक्यात म्हणाली, "बेटी. आंजेला." १९०९ ची ही मुलगी बापाच्या हाताखाली आणि जे. जे.त शिकली. साडीतली मारिया रंगवणारी. आजी सांगे, तिची मारिया थेट आपल्या मावशीसारखी दिसते. चित्र तिनं पाहिलं होतं की नुसतं ऐकलं, देव जाणे. आमच्या घरच्या वंशावळीत मात्र एकाही मुलीचं नाव नाही. आजीच्या जागीही नुसतं 'पत्नी'.

आंजेला १९८० मध्ये गेली. त्रिंदादांच्या घरात जपलेली चित्रं आता पणजीला, फोंतेन्यातल्या फुंदासांव ओरिएन्त या पोर्तुगीज संस्थेत आहेत. आजीमागे बऱ्याच वर्षांनी मी तिथे गेले. बराच वेळ रेंगाळले, तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, "नात्यातल्या का?"

"हो, सांग्याच्या," मी बेधडक म्हणाले.