‘सावकारी पाश’ आणि त्याचा काळ

युक्रेनमधील शेतकऱ्यांच्या जीवनावर अलेक्झांडर डोव्हझेन्को यांनीं १९३० सालीं काढलेला ‘भूमि’ हा मूकपट जगांतील श्रेष्ठ चित्रपटांत गणला जातो. १९५८ सालीं ब्रुसेल्स येथें निवडलेल्या बारा उत्तम चित्रपटांत त्याचें नांव होतें. ही कीर्ति रास्तच आहे. परंतु त्याच्या पांच वर्षें आधीं, आपल्या कोल्हापुरांत, जमिनीच्याच प्रश्नावर एक मूकपट तयार झाला होता, याची आठवण सुशिक्षित घरांतूनही क्वचितच निघते. तो मूकपट म्हणजे ‘सावकारी पाश’.

१९२५ सालीं महाराष्ट्र फिल्म कंपनीनें तो काढला. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, कथा नारायण हरि आपटे यांची, आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेंत शांताराम. पुढें ज्यांना सारा देश व्ही. शांताराम म्हणून ओळखूं लागला, तेच. बाबूरावांचें मूळ आडनांव मेस्त्री. नाटकाचे पडदे रंगवितां रंगवितां ते चित्रपटाकडे वळले आणि कॅमेराही त्यांनीं कोल्हापुरांतच घडविला. १९२० सालच्या ‘सैरंध्री’नें त्यांचें नांव झालें, १९२३ सालीं ‘सिंहगड’ आला. पौराणिक व ऐतिहासिक कथांवर उत्तम चाललेली ही कंपनी एका कर्जबाजारी कुणब्याच्या झोंपडींत शिरली, ही गोष्ट लहान नव्हे. त्या काळीं पडद्यावर राज्य होतें तें देवांचें, दैत्यांचें आणि राजांचें.

कथा अगदीं साधी. सावकाराच्या खोट्या कागदानें शेतकऱ्याची जमीन जाते. तो शहराची वाट धरतो आणि गिरणीचा मजूर होतो. त्याच १९२५ सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांनीं वेतनकपातीविरुद्ध मोठा संप केला होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या मजुरापुढें कोणतें सुख वाढून ठेवलेलें होतें तें कळतें. मूळ चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाहीं. परंतु चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांनीं याच कथेवरील पुढच्या बोलपटाची आठवण सांगतांना एका उदास झोंपडीचा आणि तेथें रडणाऱ्या कुत्र्याचा उल्लेख केला आहे. त्या कुत्र्याचें रडणें प्रेक्षकाच्या कानांत वर्षानुवर्षें राहिलें! दिग्दर्शकाचें सामर्थ्य याहून निराळ्या शब्दांत कसें सांगावें?

आतां त्या खोट्या कागदाविषयीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले आणि दंग्याचें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील गांवोगांवीं पसरलें. त्या जमावांचा मुख्य रोख होता तो खतांवर व वह्यांवर. सावकाराच्या अंगावर हात टाकण्याचे प्रकार त्या मानानें थोडे. आपला शत्रु नेमका कोठें बसला आहे, हें निरक्षर माणसानें इतकें अचूक ओळखावें, याचें मला फार नवल वाटत आलें आहे. सरकारनें चौकशी मंडळ नेमलें व १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा केला. त्यामुळें न्यायालयांस कर्जखताच्या पाठीमागें जाऊन मूळ व्यवहार तपासतां येऊं लागला. जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा याच सुमाराचा ग्रंथ.

परंतु हा कायदा इंग्रजी अमलापुरता. आमचा जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. सप्टेंबर १८४८ नव्हे, सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे भारत स्वतंत्र झाल्यावरही वर्षभर, हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. तेथें १८८४ पासून दरबारी भाषा उर्दू. सावकाराची वही मोडींत, कचेरीचा कागद उर्दूंत, आणि अंबड-भोकरदनकडच्या कुणब्याची बोली मराठी! दोन लिप्या, आणि दोन्हींपुढें त्याचा आंगठा एकच. शाळामास्तर म्हणून आयुष्य घालविलेल्या माणसास यांत व्याजाच्या दरापेक्षां अक्षरांचा दोष मोठा दिसावा, हें स्वाभाविक आहे. कुळांच्या हक्कांचा हैदराबाद कायदा १९५० सालीं झाला. सावकारीनें गैरमार्गानें बळकावलेली जमीन परत करविण्याची तरतूद असलेला महाराष्ट्राचा कायदा आला २०१४ सालीं. ‘सावकारी पाश’नंतर एकोणनव्वद वर्षांनीं.

पुन्हां ‘भूमि’कडे वळूं. त्यांत गांवांत ट्रॅक्टर येतो, शेतांचे बांध मोडतात, आणि रात्रीं एकट्यानें नाचत घरीं जाणारा तरुण वासिल गोळीला बळी पडतो. चित्रें विलक्षण सुंदर आहेत. म्हातारा सफरचंदांच्या राशींत मरतो तें दृश्य विसरणें कठीण. पण शेतें एक झालीं म्हणजे दुःख सरलें, असें त्या चित्रपटाला सांगावयाचें होतें. दोनच वर्षांनीं, १९३२-३३ मध्यें, त्याच युक्रेनांत सामुदायिक शेतीच्या सक्तीनें व धान्यवसुलीनें दुष्काळ पडून लक्षावधि माणसें मेलीं. तेथें जमीन गेली ती सरकारच्या कागदानें. बाबूरावांच्या चित्रपटांत असा कोणताच उपाय नव्हता, आणि म्हणून मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. पुढें १९३६ सालीं बाबूरावांनीं हीच कथा बोलपटाच्या रूपानें पुन्हां पडद्यावर आणली. अकरा वर्षांत कथेंतला सावकार जुना झाला नव्हता.