पातं फिरंगी, मूठ मुल्हेरी

नेमबाजीच्या स्पर्धेतलं महागडं पिस्तूल घरी आलं की बरेच नेमबाज पहिलं काम कोणतं करतात? त्याची मूठ काढतात. आणि मग कानस हातात घेतात!

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते नवाकोरा लॅपटॉप आणून त्याचा कीबोर्ड उचकटण्यासारखं वाटलं होतं. पण जरा खोलात गेल्यावर कळलं, की त्या यंत्रात माणसाचा हात आणि धातू यांच्यामधला इंटरफेस काय तो एवढाच. बाकी नळी, घोडा, दर्शक वगैरे सगळं कारखान्यात मायक्रॉनच्या हिशोबात बनून येतं. हात मात्र कारखान्यात बनत नाही.

बहुतेक पिस्तुलांत मूठ म्हणजे अक्रोडाच्या लाकडाचा कोरलेला ठोकळा. आतल्या धातूच्या सांगाड्यावर तो चढवलेला असतो आणि एखाददुसऱ्या स्क्रूने आवळलेला असतो. ॲलन की फिरवली की सुटतो. काढणं दोन मिनिटांचं काम, बसवणं महिन्यांचं. तळहाताला जिथे टोचतं तिथे घासायचं, जिथे पोकळी राहते तिथे लाकडाची लांबी भरायची, वाळू द्यायची, परत घासायचं. मग परीक्षा: डोळे मिटून हात उचलायचा आणि डोळे उघडायचे. पुढचं आणि मागचं दर्शक आपोआप एका रेषेत दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर प्रत्येक वेळी मनगट वळवून ते जुळवावं लागणार, आणि साठ गोळ्यांमध्ये ते मनगट कधीतरी दगा देणारच. आपल्या लोकांसाठी हिशोब सांगतो: १० मीटरवर एक अंशाची चूक म्हणजे साडेसतरा सेंटिमीटर. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर १० गुणांचं वर्तुळ असतं साडेअकरा मिलिमीटरचं. म्हणजे एका अंशात छर्रा कागदाबाहेर.

आमच्या म्हसावदला (तालुका शहादा, सातपुड्याच्या पायथ्याशी) हे कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, यात नवीन काय? कुऱ्हाडीचं पातं बाजारातून आणावं आणि दांडा आपल्या हाताच्या बेताने बसवून पाचर ठोकावी. धावड्याचं लाकूड मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आणि खरंच यात नवीन काही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनहून मुंबईत आली. महाराष्ट्र सरकारने ती लिलावात ४७ लाखांहून जास्त रुपये मोजून घेतली. बातम्यांमध्ये अभिमान, मिरवणूक, राजकारण सगळं होतं. मला मात्र त्यातलं एकच वाक्य चिकटलं: पातं युरोपीय बनावटीचं, मूठ मुल्हेरी घाटाची. मुल्हेर म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणातलं, आमच्या गावापासून फार लांब नाही. अशा तलवारीला नावच 'फिरंग'. युरोपात घडलेली पाती जहाजांनी पश्चिम किनाऱ्यावर उतरत आणि इथले कारागीर त्यावर इथली मूठ चढवत. इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात असलेली 'जगदंबा' तलवारही अशीच, पातं युरोपातलं. ती १८७५-७६ च्या दौऱ्यात कोल्हापूरहून प्रिन्स ऑफ वेल्सला भेट गेली. पोलाद कुणाकडूनही घ्यायला मराठ्यांची हरकत नव्हती. मूठ उसनी घ्यायला मात्र होती, कारण तलवार चालवण्याची पद्धत मुठीत असते. आपल्याकडची ती छोटी मूठ आणि तळाची चकती हात जवळजवळ कुलूपबंद करते, त्यामुळे वार खांद्यातून येतो. (देशी तलवारीची मूठ बहुधा राळ किंवा लाख भरून पक्की करत. तापवली की सुटे. म्हणजे ॲलन कीची सोय तेव्हाही होती म्हणायची.)

आजच्या पिस्तुलांची गोष्ट उलट्या टोकाने तिथेच येते. स्वित्झर्लंडमधल्या मोरिनी कंपनीची पिस्तुलं आज जगभरच्या नेमबाजांच्या हातात दिसतात. त्या चेझारे मोरिनींची सुरुवात पिस्तुलांपासून झालीच नाही, मुठींपासून झाली. आधी मूठ, मग तिला शोभेल असं पिस्तूल! मला हा क्रम फार आवडला.

अर्थात मूठ हवी तशी करता येत नाही. एअर पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं. तळहाताखालची फळी वर वळवून हाताला कवेत घेता कामा नये. आणि मुख्य म्हणजे मनगट मोकळं दिसलं पाहिजे. आता दांडपट्टा आठवा. त्याच्या खोबणीत हात कोपरापर्यंत जातो, मनगट हलूच शकत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या नियमाने दांडपट्टा पहिल्या तपासणीतच बाद :-)

त्यातल्या त्यात मोकळीक होती ती ५० मीटर फ्री पिस्तुलात. तिथे मूठ हाताला हातमोज्यासारखी गुंडाळलेली असे. बोटं सरकवून आत घालावी लागत. २०१६ च्या रिओनंतर तो प्रकार ऑलिंपिकमधून गेला. माझ्या मते लाकूडकामातली एक अख्खी कलाच त्याबरोबर ऑलिंपिकबाहेर पडली, पण असो.

मूठ किती व्यक्तिगत असते, हे हंगेरीच्या कारोली ताकाचकडे बघून कळतं. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा, नेमबाजीचा हात गेला. पठ्ठ्याने डाव्या हाताने शून्यातून सुरुवात केली आणि १९४८ ला लंडनमध्ये व १९५२ ला हेलसिंकीत सुवर्ण घेतलं. उजव्या हाताच्या मुठीचा डाव्या हाताला काडीचा उपयोग नसतो. म्हणजे सवयीबरोबर हत्यारही नव्यानेच जुळवायचं.

आपल्याकडे कोल्हापूरची राही सरनोबत २५ मीटर पिस्तूल खेळते. त्यातल्या वेगवान टप्प्यात हात ४५ अंशांत खाली ठेवायचा, लक्ष्य ३ सेकंद दिसतं, तेवढ्यात उचलून एक गोळी. मग ७ सेकंद थांबा आणि परत तेच. मुठीत हात नीट बसवून घ्यायला वेळच नाही. २०१३ मध्ये चांगवॉनला तिने विश्वचषकात सुवर्ण मिळवलं. त्यानंतर कोपराच्या दुखापतीने तिला बराच काळ बाहेर बसवलं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ती थायलंडच्या मुलीशी ३४-३४ अशी बरोबरीत अडकली, एकदा नाही दोनदा शूट-ऑफ झाला, आणि सुवर्ण राहीचं. अशा वेळी तळहातात एक मिलिमीटर पोकळी असती तर?

आणि २५ जुलै २०२१, टोकियो. मनू भाकरच्या एअर पिस्तुलात दुसऱ्या सिरीजमध्ये बिघाड झाला. पिस्तूल उघडून दुरुस्त करण्यात वीसेक मिनिटं गेली, आणि घड्याळ चालूच. तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या आपण सगळ्यांनी विचारलं, अरे, दुसरं पिस्तूल घ्या की! दुसरं पिस्तूल म्हणजे दुसरी मूठ. ती आपल्या हाताची असली तरी तिचा कोन, ट्रिगरपर्यंतचं बोटाचं अंतर, सगळं पुन्हा पारखायचं, ते ऑलिंपिकच्या मधोमध. मनू परतली आणि उरलेल्या वेळात उरलेल्या गोळ्या झाडल्या. ५७५ गुण, बारावा क्रमांक. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली.