युद्धकाळातील जुना कॅमेरा

वस्तू जुनी झाली की तिची किंमत उतरते, हा बाजाराचा सर्वसाधारण नियम. परंतु नव्या मालाची आवकच थांबली म्हणजे हा नियम कसा उलटतो, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील कॅमेऱ्यांच्या बाजारात दिसून आले.

जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्याचा लायका कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत प्रथम लोकांपुढे आला. चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर चित्रे घेणारा आणि कोटाच्या खिशात मावणारा हा कॅमेरा वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना फार सोयीचा वाटला. त्याच्या तोडीचा कॅमेरा ब्रिटनमध्ये तयार होत नव्हता. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारले आणि ही आवक बंद पडली. देशात होते तेवढेच लायका उरले. मागणी मात्र वाढली, कारण लष्करालाही तेच हवे होते. साहजिकच जुन्या लायकाचे मोल चढत गेले. ज्याच्याशी लढावयाचे त्याच्याच कारागिरीवाचून अडावे, असा तो प्रसंग होता.

१९४५ मध्ये युद्ध संपले, पण टंचाई संपली नाही. परकीय चलन वाचविण्यासाठी आयातीवर निर्बंध राहिले. जर्मन एकस्वांचे संरक्षण मात्र युद्धाने नाहीसे केले होते. त्याचा लाभ घेऊन लेस्टरच्या रीड अँड सिग्रिस्ट कंपनीने लायकाच्या नमुन्यावर ‘रीड’ कॅमेरा घडविला. तो विक्रीस येण्यास १९५१ साल उजाडले. एकस्व एका हुकमाने हिरावून घेता येते, हातांचे कसब तसे येत नाही. ते साधेपर्यंत जुन्या वस्तूचाच भाव चढा राहतो.