हळूहळू कमी करण्याची परवानगी

ओपिऑइड वर्गातली वेदनाशामकं दीर्घकाळ घेणाऱ्याने ती एकदम बंद करू नयेत, डॉक्टरच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करावीत, हे आज कुठलाही जाणता डॉक्टर सांगेल. सल्ला साधा आहे. तो पाळायला जो डॉक्टर लागतो, तो मात्र अमेरिकेत शंभर वर्षं सहजी मिळत नव्हता. या इतिहासाकडे बहुधा औषधांची प्रगती म्हणून पाहिलं जातं: मॉर्फीननंतर मेथाडोन, मेथाडोननंतर ब्युप्रेनॉर्फिन. माझ्या मते तो औषधांपेक्षा परवानगीचा इतिहास आहे. औषध सोडवायचं तर डॉक्टरला रुग्ण महिनोन्‌महिने हाताशी धरून ठेवावा लागतो, मधल्या काळात तेच किंवा तशाच जातीचं औषध लिहून द्यावं लागतं. कायद्याने वारंवार गुन्ह्याच्या हद्दीत ढकललं ते नेमकं हेच काम.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंजेक्शनची सुई आली आणि मॉर्फीन डॉक्टरच्या बॅगेत कायमचं जाऊन बसलं. त्या काळच्या अमेरिकेत अफूच्या औषधांवर अवलंबून असलेल्यांत खात्यापित्या घरच्या मध्यमवयीन बायका मोठ्या संख्येने होत्या. दुखण्यावर डॉक्टरनेच सुरू केलेलं औषध त्यांना सुटत नव्हतं. १९१४ सालचा हॅरिसन कायदा कागदोपत्री करवसुलीचा होता. डॉक्टरने आपल्या व्यवसायाच्या ओघात औषध द्यायला त्याची हरकत नव्हती. पण व्यवसायाचा ओघ म्हणजे काय, हे ठरवायला लागलं अर्थखातं. मेम्फिसच्या डॉ. वेब यांच्या खटल्यात १९१९ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, सवय लागलेल्या माणसाला केवळ त्रास होऊ नये म्हणून नेहमीची मात्रा लिहून देणं याला औषधोपचार म्हणताच येणार नाही. वेब काही संत नव्हते. मागेल त्याला पन्नास सेंटला चिठ्ठी, असा त्यांचा कारभार होता. पण हा निकाल चिठ्ठ्या विकणाऱ्यापुरता राहिला नाही. रुग्णाचं औषध जपून उतरवत आणणारा डॉक्टरही त्याच्या सावटाखाली आला.

दार बंद झालेल्या रुग्णांसाठी काही शहरांनी दवाखाने काढले. लुइझियानातल्या श्रेव्हपोर्टचा दवाखाना डॉ. विलिस बटलर यांनी नेटका चालवला, पण १९२३ साली सरकारी दबावाखाली तोही बंद झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने सूर बदलला. स्पोकेनचे डॉ. लिंडर यांनी सरकारने पाठवलेल्या एका खबरी बाईला मॉर्फीनची एक आणि कोकेनच्या तीन गोळ्या दिल्या होत्या. न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली आणि व्यसन हा आजार असून त्यावर उपचार होऊ शकतात, हे मान्य केलं. तोवर वेळ निघून गेली होती. चार गोळ्यांपायी एका डॉक्टरला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हे पाहिलेल्या बाकीच्यांनी असे रुग्ण घेणंच सोडलं. कायद्याचा धाक गुन्हेगाराआधी सज्जनाला बसतो. आपल्याकडेही १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थांविषयीच्या कायद्यानंतर कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फीन मिळणं दुरापास्त झालं आणि त्यातून वाट काढायला २०१४ची दुरुस्ती यावी लागली. ब्रिटनने मात्र १९२६ साली रोलस्टन समितीच्या शिफारशीनुसार दुसरा रस्ता धरला. हळूहळू औषध उतरवणं चालू असलेला रुग्ण आणि सगळे प्रयत्न करूनही ज्याचं औषध सुटत नाही असा रुग्ण, या दोघांनाही मॉर्फीन देणं तिथे रीतसर वैद्यकीय काम ठरलं.

यावर आक्षेप असा की, हळूहळू कमी करणं म्हणजे व्यसनाला खतपाणी घालणं. एकदा नेट लावून तोडावं आणि मोकळं व्हावं. हा प्रयोग अमेरिकेने सरकारी खर्चाने करून पाहिला आहे. केंटकीतल्या लेक्झिंग्टनला १९३५ साली सुरू झालेल्या ‘नार्कोटिक फार्म’वर कैदी आणि आपणहून आलेले रुग्ण एकत्र राहत, शेतीची, गुरांची कामं करत. तिथे डॉ. हिमल्सबाख यांनी औषध सुटतानाचा त्रास अक्षरशः मोजला: जांभया, डोळ्यांतून-नाकातून पाणी, घाम, अंगावर काटा, कंप, उलट्या, घटणारं वजन, प्रत्येकाला गुण. आत औषध सुटत होतं, त्यात शंका नाही. पण तिथून न्यूयॉर्कला परतलेल्या १९१२ रुग्णांचा मागोवा १९६२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक लोक पुन्हा औषधाकडे वळल्याचं दिसलं. शरीरातून औषध काढणं काही आठवड्यांचं काम. पुढच्या काळात कुणी सांभाळणारं नसेल तर ते टिकत नाही. शिवाय औषध सुटलं की शरीराची सहनशक्तीही उतरते आणि जुनी मात्रा पुन्हा घेतली तर जीव जाऊ शकतो. लेक्झिंग्टनला काम केलेल्या डॉ. मेरी नायस्वांडर यांनी पुढे व्हिन्सेंट डोल यांच्यासोबत मेथाडोनचे उपचार उभे केले. १९६५ साली त्यांनी मांडलेले रुग्ण होते अवघे बावीस.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही सवय लावली कोणी? १९०० सालीही डॉक्टरांनी, आणि १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन ही ऑक्सिकोडोन या ओपिऑइडची गोळी बाजारात आल्यावरही डॉक्टरांनीच. मग सोडवण्यासाठी त्यांच्यावरच विसंबायचं का? दोष खराच. पण औषध सुरू करण्यातला हलगर्जीपणा आणि औषध उतरवण्यातली जबाबदारी यांना एकाच चाबकाने हाणलं की पहिला रुग्ण वाचतो न वाचतो, दुसरा नक्की रस्त्यावर येतो. २०१६ साली सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने दिवसाला ९० मिलिग्रॅम मॉर्फीनइतक्या मात्रेपाशी सावध राहायला सांगितलं. सूचना सल्ल्याची होती. विमा कंपन्या, राज्य सरकारं आणि धास्तावलेल्या डॉक्टरांनी तिचा दंडक केला. वर्षानुवर्षं स्थिर मात्रेवर असलेल्यांची औषधं झटक्यात कापली गेली. २०१९च्या एप्रिलमध्ये एफडीए या औषध नियामक संस्थेला इशारा द्यावा लागला की, अचानक बंद केल्याने असह्य त्रास, मानसिक यातना आणि आत्महत्याही घडत आहेत. मात्रा कमी केलेल्या रुग्णांत अतिमात्रा आणि मानसिक संकटाचे प्रसंग वाढलेले दिसतात, असं २०२१च्या एका मोठ्या अभ्यासानेही नोंदवलं. ज्यांची मात्रा कापली ते मुळातच अधिक धोक्यातले असतील, ही शंका अशा अभ्यासाला चिकटलेलीच असते आणि ती सोडून देता येत नाही. तरी घाईने कापण्याच्या बाजूने त्यातून काहीच निघत नाही. २०२२च्या सुधारित सूचनेत सीडीसीने वर्षभराहून अधिक काळ औषध घेणाऱ्यांसाठी महिन्याला दहा टक्के किंवा त्याहून कमी, असा वेग सुचवला. तोही रुग्णाशी बोलून, गरज पडली तर मध्ये थांबून.

ब्युप्रेनॉर्फिनची कथाही हेच सांगते. हे औषध १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या हल इथे तयार झालं. व्यसनोपचारासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली २००२ साली. तीही अशी की, ते लिहायला डॉक्टरने आठ तासांचं प्रशिक्षण आणि वेगळी सूट घ्यायची, आणि सुरुवातीला तीसच रुग्ण पाहायचे. वेदनेसाठी ऑक्सिकोडोन लिहिताना यातलं काहीच लागत नव्हतं. म्हणजे सवय लावायला साधा परवाना पुरत होता, सोडवायला खास. ही अट डिसेंबर २०२२ मध्ये गेली. मेथाडोन मात्र व्यसनावर हवं असेल तर आजही नोंदणीकृत केंद्रावरच जावं लागतं; तीच गोळी दुखण्यासाठी लिहिलेली असली, की नेहमीच्या औषधाच्या दुकानात मिळते.