'स्टॉक' आणि 'गाडा' : दोन शब्दांचा इतिहास

आम्ही बिबवेवाडीचे रहिवासी. शेजारच्या मार्केट यार्डात पहाटे खेड, जुन्नर, आंबेगावाकडून कांद्या-बटाट्यांच्या मालमोटारी येतात. त्यांतील काहींच्या काचेवर देवाच्या नावाखाली शर्यतीच्या बैलाचे छायाचित्र असते. त्या भागातून आलेले आमचे विद्यार्थी तो बैल कोणाचा हे पाहताक्षणी सांगतात. वर्गात आम्ही त्यांना अर्थविस्तार आणि अर्थसंकोच शिकवितो. या खेळाकडे मात्र त्या दृष्टीने आम्ही कधी पाहिले नाही. प्रस्तुत टिपणात तसा प्रयत्न आहे आणि त्यासाठी प्रथम थोडे दूर, अमेरिकेत जावे लागेल.

तेथील 'स्टॉक कार' शर्यतीतील 'स्टॉक' म्हणजे दुकानात विक्रीला असलेली, फेरफार न केलेली मोटार. 1948 साली 'नॅसकार' ही संस्था स्थापन झाली आणि 19 जून 1949 रोजी शार्लट येथे तिची अशा मोटारींची पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे प्रथम आला. परंतु तपासणीत त्याच्या मोटारीच्या मागील स्प्रिंगांत बदल आढळला. चोरट्या दारूची वाहतूक करणारे असे बदल करून घेत. डनवे बाद ठरला आणि जिम रोपर विजयी घोषित झाला. म्हणजे पहिल्याच शर्यतीचा निकाल एका शब्दाच्या अर्थावर लागला!

पुढे हा अर्थ झिजत गेला. 1987 साली टॅलाडेगा येथे बिल एलियटने पात्रता फेरीत ताशी 212.809 मैल, म्हणजे सुमारे 342 किलोमीटर, हा वेग गाठला. त्याच वर्षी तेथे एक मोटार उसळून प्रेक्षकांपुढील कुंपणावर आदळली आणि 1988 पासून अशा मोठ्या धावपट्ट्यांवर इंजिनाला मिळणारी हवाच कमी करण्यात आली. दुकानातील मोटारींतून कार्ब्युरेटर केव्हाच गेला होता. शर्यतीच्या मोटारीत तो 2011 पर्यंत राहिला. तिच्या पुढच्या दिव्यांच्या जागी तर नुसती चित्रे चिकटविलेली असतात. तरीही नाव 'स्टॉक'च. हे नाव घरोघरी पोहोचविले दूरदर्शन-प्रक्षेपणाने. 18 फेब्रुवारी 1979 रोजी डेटोनाची पाचशे मैलांची शर्यत प्रथमच आरंभापासून अखेरपर्यंत थेट दाखविली गेली. पूर्व अमेरिकेत बर्फ पडत होते, माणसे घरांत अडकली होती. शेवटच्या फेरीत आघाडीच्या दोन मोटारी एकमेकींवर आदळल्या, रिचर्ड पेटी जिंकला आणि मागे चालकांची हातघाई जुंपली. प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती हातघाई.

आता आपल्याकडे वळू. उत्तर पुणे जिल्ह्यात बैलगाडा 'घाटा'त पळतो. गाड्याला जुंपलेली धुरेची जोडी, तिच्यापुढे जुकाटाची जोडी आणि सर्वांच्या पुढे घोडी. एका धावेला 'बारी' म्हणतात. ती काही सेकंदांत संपते आणि सर्वांत कमी वेळ घेणारा 'घाटाचा राजा' ठरतो. या गाड्यात माल नसतो, घाटात त्यावर हाकणाराही नसतो. ओझे वाहणे हे गाड्याचे मूळ काम; येथे तो जितका हलका तितका चांगला. शर्यतीसाठी जोपासलेला बैलही नांगराला क्वचितच लागतो. म्हणजे 'गाडा' आणि 'शेतीचा बैल' हे शब्दही 'स्टॉक'च्याच वाटेने गेले आहेत.

फरक पडला तो न्यायालयात. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बैल हा ओढकामाचा प्राणी आहे, त्याची शरीररचना अशा खेळांसाठी नाही, असे म्हणून या शर्यतींवर बंदी घातली. 2017 साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. परंतु उच्च न्यायालयाच्या आदेशाने शर्यती थांबलेल्याच राहिल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. एका बाजूचा आधार 'ओढकाम' हा शब्द होता, दुसऱ्या बाजूचा 'परंपरा' हा.

आम्हांस वाटते, दोन्ही शब्द तपासून घ्यावयास हवे होते. ज्या ओढकामाशी बैलाचे नाते न्यायालयाने सांगितले, ते शेतातून ट्रॅक्टरने बरेचसे काढून घेतले आहे. आणि ज्या परंपरेचा अभिमान आपण सांगतो, तिच्यात आज यूट्यूबवरील थेट प्रक्षेपण आणि मोठमोठी बक्षिसे आली आहेत. मोटारीला दुखत नाही. म्हणून अमेरिकेत 'स्टॉक' हा शब्द पोकळ झाला तरी कोणाचे बिघडले नाही. बैलाला दुखते. परंपरेच्या नावाखाली त्याला काठी बसली किंवा शेपटी पिरगाळली गेली, तर ती वेदना नव्या स्पर्धेची असते, आजोबांच्या काळातील जत्रेची नव्हे.

एवढे म्हणूनही या खेळाची टर उडविण्याचा अधिकार आम्हांस नाही. बंदीच्या वर्षांत अनेक घरांनी न पळणारे बैल सांभाळले. त्यांचा चारा काही व्युत्पत्तिशास्त्राने पुरविला नाही. वर्गात 'बारी', 'धुर', 'जुकाट' हे शब्द विद्यार्थ्यांकडून शिकून घ्यावेत आणि मग त्यांच्यासह विचारावे, की या शब्दांतील बैल आज नेमका कोणता आहे. त्या चर्चेत आम्ही शिकविणारे असू, तसेच शिकणारेही.