घोरपडीच्या घरांतील ऊन

सकाळचें ऊन चढूं लागलें कीं आपल्याकडील माळावरची घोरपड बिळांतून बाहेर येते व तापत चाललेल्या खडकावर अंग पसरून निश्चल पडते. अंगांत पुरेशी ऊब भरली म्हणजे ती भक्ष्याच्या शोधास लागते. ऊन असह्य झालें कीं सावली गांठते. हा तिचा नित्यक्रम शेतकऱ्याच्या रोजच्या पाहण्यांतला आहे. परंतु त्यांत दडलेलें तत्त्व प्राणिसंग्रहालयांत उतरण्यास पाऊण शतकाहून अधिक काळ लागला, आणि त्याची किंमत मुक्या जीवांनीं मोजली.

सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीं जगांतील पहिलें स्वतंत्र गृह लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८४९ सालीं उघडण्यांत आलें. हे प्राणी उष्ण देशांतले, तेव्हां त्यांना उष्ण हवा दिली म्हणजे झालें, हा विचार वरकरणी बिनतोड वाटतो. पण घोरपडीचें शरीर आपल्यासारखी ऊब स्वतः निर्माण करून राखीत नाहीं. ती तिला बाहेरून घ्यावी लागते, आणि अधिक झाल्यास टाकावी लागते. सगळ्या दालनांत एकच उष्णतामान ठेवलें, म्हणजे घेण्याची आणि टाकण्याची, दोन्ही वाटा बंद होतात. मग खाल्लेलें अन्न नीट पचत नाहीं, आणि उबेंत राहूनहि प्राणी खंगत जातो.

या प्रश्नाला नवें वळण दिलें तें जोन प्रॉक्टर या विदुषीनें. १८९७ सालीं जन्मलेल्या या बाई बालपणापासून दुखण्यानें गांजलेल्या होत्या. ब्रिटिश म्युझियममध्यें बूलेंजर या प्राणिशास्त्रज्ञांच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें, आणि १९२३ सालीं लंडनच्या संग्रहालयांतील सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग त्यांच्याकडे आला. त्यांच्या योजनेप्रमाणें उभारलेलें नवें गृह १९२७ मध्यें खुलें झालें. तेथें विजेच्या साहाय्यानें निरनिराळ्या जागीं निरनिराळी ऊब ठेवण्याची सोय होती. प्रेक्षकांची वाट अंधारी व पिंजरे प्रकाशित अशी मत्स्यालयाची तऱ्हा त्यांनीं उचलली. छपरासाठीं अशी खास कांच निवडली, कीं जिच्यांतून सूर्याचे अतिनील किरण आंत येऊं शकत. साध्या कांचेंत ते अडतात.

त्याच वर्षीं कोमोडोच्या दोन महाकाय घोरपडी तेथें आल्या. या जातीचें शास्त्रीय वर्णन जावांतील औवेन्स या डच शास्त्रज्ञानें १९१२ सालींच केलें होतें. परंतु जिवंत प्राणी युरोपांत अपूर्वच होता. त्यांपैकीं सुम्बावा नांवाचा प्राणी इतका माणसाळला, कीं प्रॉक्टरबाई त्याला बरोबर घेऊन बागेंत फिरत. १९२८ सालीं त्यांनीं त्याला शास्त्रज्ञांच्या सभेंतहि आणलें. तीन वर्षांनीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, बाई निवर्तल्या.

अतिनील किरणांचा आग्रह कां? या किरणांच्या योगानें त्वचेंत ड जीवनसत्त्व तयार होतें, आणि त्यावांचून अन्नांतला चुना हाडांत बसत नाहीं. मुडदूस झालेलीं मुलें या किरणांनीं बरीं होतात, हें हुल्डशिन्स्की या जर्मन डॉक्टरानें १९१९ सालीं दाखविलें होतें. मात्र त्या खास कांचेची शक्ति उन्हांत राहून कालांतरानें उणावते. आजच्या अतिनील नळ्यांचेंहि तसेंच आहे: डोळ्यांना उजेड दिसत राहतो, पण गुण निघून गेलेला असतो. म्हणून जाणते लोक त्या मापून पाहतात व वेळेवर बदलतात.

ऊब निवडण्याचें तत्त्व पुढें १९४४ सालीं कौल्स व बोगर्ट या अमेरिकन संशोधकांनीं वाळवंटांतील सरड्यांवर प्रयोग करून सिद्ध केलें. ऊन व सावली यांत ये-जा करून हे प्राणी आपलें उष्णतामान आश्चर्यकारक नेमकेपणानें राखतात, असें त्यांना आढळलें.

परदेशांत आज हौसेनें घोरपडी पाळणाऱ्यांनाहि हाच धडा गिरवावा लागतो. एका टोकास दिव्याखालीं दगड पन्नास अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापावा, दुसऱ्या टोकास पंचविसाच्या जवळ गारवा असावा, आणि खालीं बीळ करण्याजोगी ओलसर माती असावी. उन्हाचा डाग प्राण्याच्या अंगाएवढा हवा. एकाच लहान दिव्याखालीं पाठीचा मध्य भाजतो, बाकी शरीर गारच राहतें; मग तो प्राणी ऊब पुरी होण्याच्या आशेनें तेथेंच पडून राहतो व पोळतो. दिव्यास जाळी असावी, नियामक यंत्र असावें, आणि रात्रीं अंधार असावा.

आपल्या देशांत मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घोरपडीला पूर्ण संरक्षण दिलें आहे. तिला पकडणें वा पाळणें हा गुन्हा आहे. तें योग्यच होय. कारण पिंजऱ्याचा हा सारा इतिहास एवढेंच सांगतो, कीं प्राण्याला उष्णता देणें सोपें आहे, उष्णतेची निवड देणें कठीण. जी निवड आपल्या माळावरच्या घोरपडीला एक खडक, एक झुडूप आणि एक बीळ यांत आयती लाभते, तिच्यासाठीं माणसाला वीज, कांच आणि एका विदुषीचें अल्प आयुष्य खर्ची घालावें लागलें.